रात्री डबे रिकामे करणारं इथे आणखी कोणी आहे का?

रिकामा_डबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे दहा-बारा वर्षं वाचतोय, अधूनमधून लिहितोही. पण या विषयावर जुन्या आयडीने लिहायचा धीर होत नाही, म्हणून हा नवा. प्रशासकांनी डु-आयडी (एकाच माणसाचं दुसरं खातं) म्हणून उडवू नये ही विनंती.

वय ४३, पुण्यात राहतो. एका पतसंस्थेत वसुलीचं काम करतो. घरी आई, बायको आणि आठवीतली मुलगी. दारू नाही, सिगरेट नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. लग्न जमवताना आईने माझ्या माहितीत 'निर्व्यसनी' असं ठळक लिहिलं होतं.

आता दिवाळीनंतरची गोष्ट. बायकोने मेव्हण्याला नागपूरला पाठवायला बेसनाच्या लाडवांचा डबा भरला होता. तीस लाडू. आकडा नक्की, कारण ती मोजूनच भरते. रात्री अकराला सगळी निजल्यावर मी पाणी प्यायला उठलो. तहान लागली नव्हती. एक लाडू खाल्ला, मग दुसरा. पाचव्या-सहाव्यानंतर चव लागतच नाही. लाडू टाळूला चिकटतो, घशात तोठरा बसतो, वर पाणी प्यायचं आणि पुढचा उचलायचा. उभ्यानेच. दिवा न लावता, फ्रिजचं दार जरासं उघडं ठेवून. अशा तीन रात्री गेल्या आणि डब्यात उरले चार.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, उद्या कुरिअर करू. मी सकाळी लवकर निघून दुकानातून किलोभर बेसन लाडू आणले, डब्यात रचले, घरचे चार वरच्या थरात ठेवले. मागे वळलो तर मुलगी उभी. तिने खालचा एक उचलला, अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "बाबा, हे आईचे नाहीत. आई काजूचा तुकडा टोचते, याला बेदाणा आहे." मग माझ्याकडे बघितलं. डब्याला झाकण लावलं आणि शाळेत गेली. आईला एका शब्दाने बोलली नाही, आजतागायत नाही. तेरा वर्षांची पोर माझं गुपित सांभाळतेय. हा धागा त्यामुळे.

बाकीचंही सांगून टाकतो. चिवडा काढल्यावर डबा हलवून सपाट करतो आणि शेंगदाणे वर आणतो, म्हणजे कमी झालेला दिसत नाही. फरसाणाची पिशवी कात्रीने कापतो, फाडली तर आवाज होतो. रिकाम्या पिशव्या स्कूटरच्या डिकीत आणि तिथून पेट्रोल पंपाजवळच्या कचराकुंडीत. तीन वेगवेगळ्या दुकानांतून घेतो आणि तिन्हीकडे न विचारता सांगतो, "घरी पाहुणे आलेत."

उपाय सगळे झाले. दिवसातून दोनदाच जेवून पाहिलं, सोळा तासांचा उपास केला. नव्वद दिवस साखर बंद हेही केलं. एक्केचाळीस दिवस निघाले, बेचाळिसाव्या दिवशी काय झालं ते लिहीत नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने केली तो आमच्याकडे मुक्कामाला असावा. तपासणीत तीन महिन्यांची साखर ६.२ आली. डॉक्टर म्हणाले, "सीमेवर आहात, तोंडावर ताबा ठेवा." ताबा असता तर दवाखान्यात कशाला आलो असतो?

आई याला 'खा-खा सुटणं' म्हणते. मला विचारायचंय ते एवढंच की हा नुसता हावरटपणा आहे की खरोखर व्यसन आहे? आणि यातून कोणी बाहेर आलंय का?


कोकणकडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. घरात आणूच नका, म्हणजे खाणार नाही. पहाटे पाच किलोमीटर चाला. माझे आजोबा एकभुक्त होते, एक्क्याण्णव वर्षं जगले. हल्ली प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव द्यायची फॅशन आली आहे. संयम नावाची एक चीज असते.


चकलीताई

कोकणकडा, तुमच्या आजोबांच्या फोनवर रात्री अकराला कोपऱ्यावरचं आइस्क्रीम दहा मिनिटांत येत होतं का?

धागाकर्ते, मी डोंबिवलीत फराळाचा व्यवसाय करते, एकोणीस वर्षं झाली. तुमचं 'पाहुणे आलेत' वाचलं आणि हातातलं काम ठेवलं. माझ्याकडे एक ताई येतात. आठवड्यात तीनदा अर्धा-अर्धा किलो खारी शंकरपाळी नेतात आणि दर वेळी पाहुण्यांचं सांगतात. मी आपली कौतुकाने म्हणायचे, काय गोतावळा आहे बाई! आता पुढच्या वेळी त्यांच्याशी काय बोलू?


रिकामा_डबा

काही बोलू नका. नेहमीसारखी शंकरपाळी द्या. दुकानदाराने ओळखलंय असं वाटलं की आम्ही दुकान बदलतो.


मध्यरात्र

कोणी आहे का, असं विचारलंत. मी आहे.

वय ५२, मुंबई. माझं कंडेन्स्ड मिल्क होतं. डब्याला ओपनरने दोन भोकं पाडायची, एकातून हवा, दुसऱ्यातून तोंडात. उघडला तर सगळ्यांना दिसेल, भोकं पाडलेला डबा मागे सरकवून ठेवता येतो. मुलांच्या वाढदिवसाचा उरलेला केक मी एकदा कचऱ्यात टाकला, वर भांड्यांचं साबणाचं पाणी ओतलं, आणि तासाभराने कडेकडेचा भाग उचलून खाल्ला. हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले तेव्हा समोरची बाई म्हणाली, "मी फिनेल ओतलं होतं."

माझे धाकटे दीर दारूसाठी पुण्याला मुक्तांगणमध्ये राहून आले. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं ते केंद्र. त्यांच्यासाठी म्हणून मी कुटुंबीयांच्या सभेला बसले होते. बायका एकेक सांगत होत्या, बाटल्या कुठे सापडतात ते. माळ्यावर, फ्लशच्या टाकीत, तांदळाच्या पिंपात. सगळ्या रडत होत्या आणि मी गार पडले. तांदळाच्या पिंपात माझाही डबा होता.

नंतर ओव्हरईटर्स अनॉनिमसचा पत्ता लागला. दारूवाल्यांची एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) १९३५ ची, त्याच बारा पायऱ्या घेऊन १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये खाण्यासाठीची ही संघटना निघाली. फी नाही, आडनाव नाही, आहाराचा तक्ता हातात देत नाहीत. पहिली पायरी इतकीच की खाण्यापुढे माझं चालत नाही हे कबूल. कोकणकडा यांना हे पराभूत वाटेल. मला ते वाक्य म्हणताना तीस वर्षांनी पहिल्यांदा खांदे सैल पडल्यासारखं वाटलं.

साखर आणि मैदा पूर्ण बंद करून नऊ वर्षं झाली. गणपतीत मोदक मी वळते, वाढते, खात नाही. माझी स्पॉन्सर आहे, म्हणजे संघटनेतलीच एक जुनी सोबतीण, तिला रोज सकाळी आज काय जेवणार ते कळवते. पहिला घास टाळला की विसावा टाळावा लागत नाही.


जाई_पांढरी

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. ऑनलाइन निदान करत नाही, पण धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाला उत्तर देते.

'फूड अ‍ॅडिक्शन' हे अजून अधिकृत निदान नाही. येल विद्यापीठात अ‍ॅशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली केली, व्यसनाचेच निकष खाण्याला लावून: ठरवल्यापेक्षा जास्त खाणं, थांबवायचे फसलेले प्रयत्न, नुकसान कळत असूनही चालू ठेवणं. लोकांना कुठले पदार्थ आवरत नाहीत हेही त्या गटाने नंतर पाहिलं. यादीत वर पिझ्झा, चॉकलेट, चिप्स आणि तळाला काकडी, गाजर. म्हणजे अन्नमात्राचं हे होत नाही. साखर आणि चरबी जिथे एकत्र येतात तिथे जास्त होतं. आपला बेसन लाडू त्यात चपखल बसतो, घरचा असला तरी.

जे अधिकृत आहे ते 'बिंज ईटिंग डिसऑर्डर'. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. थोड्या वेळात भरमसाट खाणं आणि त्या वेळी आपल्या हातात काही नाही असं वाटणं, आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने. शिवाय भराभरा खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, पोट दुखेस्तोवर खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, यांपैकी किमान तीन. धागाकर्त्यांनी हे परत एकदा वाचावं.

आणि कोकणकडा, तुमच्या 'संयमा'बद्दल. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुण पुरुष निवडले आणि त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. स्वेच्छेने आलेले, निग्रही लोक होते. ते दिवसरात्र जेवणाबद्दल बोलू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटली चाटू लागले. प्रयोग संपून भरपूर जेवण मिळायला लागल्यावरही त्यातल्या कित्येकांना पोट भरलंय हे कळेना. खा-खा सुटली. आधी ती त्यांच्यात नव्हती, उपाशी ठेवल्यावर आली.

म्हणून धागाकर्ते, मला तुमचा अकराचा प्रसंग नको, दुपार सांगा. दिवसभरात काय खाता?


रिकामा_डबा

सकाळी चहा. डबा नेतो, पण वसुलीला बाहेर असलो की तो तसाच परत येतो. ज्याच्याकडे हप्ता मागायचा त्याच्या दारात काय खाणार? शिवाय रात्री खाल्लेलं असतं, म्हणून भरपाई करायला दुपारी मुद्दाम टाळतो. चार वाजता चहा, सहाला चहा. रात्री नऊला सगळ्यांसमोर दोन फुलके आणि भाजी, अगदी शहाण्यासारखं. बायको म्हणते, अजून घ्या. मी म्हणतो, नको, डाएट आहे.

लिहिताना मलाच दिसतंय.


जाई_पांढरी

दिवसभर लोकांची थकबाकी गोळा करता आणि स्वतःच्या शरीराची थकवता. रात्री अकराला ते वसुलीला येतं. तेही व्याजासकट.

यावर ज्या उपचारपद्धतीला संशोधनाचा आधार सर्वांत भक्कम आहे (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याची पद्धत) तिची सुरुवातच नेमाने खाण्यापासून होते. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, साडेतीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. भूक असो नसो, आदल्या रात्री काहीही झालेलं असो. 'काल जास्त झालं म्हणून आज लंघन' हे पहिलं बंद. दुसरं म्हणजे वही. जे खाल त्याच वेळी लिहायचं, रात्री आठवून नाही. उष्मांक नाही लिहायचे. किती वाजता, कुठे, बसून की उभ्याने, मनात काय चाललं होतं, एवढंच. वजन आठवड्यातून एकदा, रोज काट्यावर चढायचं नाही. निषिद्ध पदार्थ नंतर, घडी बसल्यावर, हळूहळू परत आणतो, ताटात आणि चारचौघांत.


मध्यरात्र

शेवटचं पटलं नाही. दारुड्याला 'चारचौघांत एक पेग घ्या' असं म्हणाल का? मला तीन तज्ज्ञांनी 'सगळं थोडं थोडं खा' सांगितलं होतं. ते 'थोडं' मला कधी सापडलं नाही.


जाई_पांढरी

दारू आयुष्यभर सोडता येते, जेवण सोडता येत नाही, इथे ती तुलना लंगडी पडते. आणि बंदीनेच ओढ वाढते असे रुग्ण मी रोज बघते. प्रिन्स्टनमध्ये उंदरांवर प्रयोग झाले. ज्यांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखरपाणी दिलं ते अधाशासारखे त्यावर तुटून पडायला लागले. ज्यांच्यासमोर अन्न आणि साखरपाणी कायम होतं ते तसे वागले नाहीत.


मध्यरात्र

ताई, उंदरांना हळदीकुंकवाला जावं लागत नाही.

बरं, भांडत नाही. नऊ वर्षं मी शांत झोपतेय, तुमच्या पुस्तकात ते बसत नसेल.


जाई_पांढरी

बसत नाही, पण खोटंही म्हणवत नाही. तुम्हीसुद्धा रोज ठरल्या वेळी, ठरवून जेवता हे विसरू नका. तुमच्या बारा पायऱ्यांतला तो भाग आणि माझी वही फार लांब नाहीत. साखर सोडून उपाशी राहिला असतात तर नऊ आठवडेही निघाले नसते, असा माझा अंदाज.


संपादक

धागा चांगला चाललाय, म्हणून आधीच सांगतो. वजनाचे आकडे, 'मी अमुक किलो उतरवले' आणि खाल्लेलं बाहेर काढायचे उपाय लिहू नयेत. असे दोन प्रतिसाद उडवले आहेत. खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाबाची औषधं असं कोणी करत असेल तर तो वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे, सरळ डॉक्टर गाठावेत. जीव नकोसा होईपर्यंत गोष्ट गेली असेल तर टेली-मानस, १४४१६, केंद्र सरकारची सेवा, मोफत, चोवीस तास. मराठीत बोलता येतं.


सुधाताई_नगर

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आमच्या यांना हे आहे. मी आधी फडताळाला कुलूप लावलं. यांनी किल्ली शोधली. मग मी किल्ली ब्लाउजमध्ये ठेवायला लागले. एका रात्री जाग आली तर हे फडताळासमोर पाटावर बसून बिजागरीचे स्क्रू काढत होते. एकोणसाठ वर्षांचा माणूस, निवृत्त मुख्याध्यापक. माझ्याकडे बघून म्हणाले, "बिजागरी कुरकुरत होती." मी म्हटलं, "हो का, तेल देऊ?" आणि दोघंही हसत सुटलो. मग हे रडले.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढून टाकलं. अजून मधूनमधून होतं. पण आता हे मला उठवतात. मी चहा ठेवते, दोघं ओट्याशी बसतो. मी काही विचारत नाही.


लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये २०१७ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या आजारावर सुरुवात होते ती गाइडेड सेल्फ-हेल्पने. म्हणजे स्वतः वाचून करायचं आणि अधूनमधून कोणीतरी बसून वही तपासायची. मी रात्रपाळीचा नर्स आहे, बिस्किटांचे पुडेच्या पुडे व्हायचे. माझी वही तपासणारी पोर माझ्या मुलीच्या वयाची होती. पहिल्या आठवड्यात मी खोटं लिहिलं. तिने वाचलं आणि शांतपणे म्हणाली, इतकं कमी खाल्लंत तर पुढचा पुडा कधी फुटेल ते आजच सांगता येईल. तेव्हापासून खरं लिहितो.

अवांतर: 'मोठा पुडा स्वस्त पडतो म्हणून मोठाच घ्यावा' ही मराठी काटकसर आमच्यासारख्यांना फार महाग पडते.


चकलीताई

घरचं आणि बाजारचं यात फरक असतो का हो पण? माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे म्हणून विचारते.


जाई_पांढरी

असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना महिनाभर वॉर्डातच ठेवलं होतं, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या ताटातले उष्मांक, साखर, चरबी, तंतू सगळं जुळवलेलं, हवं तेवढं खायची मुभा. कारखान्याच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती, आणि भराभर खात होती. तुमच्या शंकरपाळीला निदान चावावं तरी लागतं.


चकलीताई

चावावं लागतं! म्हणजे खुसखुशीत होत नाही म्हणताय? एवढं ऐकून घेतलं, हे नाही ऐकणार.


शून्य_साखर

आठवड्याला टोचायची ती सेमाग्लुटाइडची सुई मी मधुमेहासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली. पोटाचं राहू द्या, पण डोक्यात एक रेडिओ असतो ना, फ्रिजमध्ये काय आहे, काय उरलंय, कोणी खाल्लं, तो बंद झाला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा समोरचा माणूस काय बोलतोय ते पूर्ण ऐकू आलं. चार महिन्यांनी खर्च झेपेना म्हणून डॉक्टरांना विचारून थांबवली. रेडिओ हळूहळू परत लागला. पण एक झालं. तो आवाज म्हणजे मी नाही, हे कळून चुकलं. आता वही लिहितो. सुईबद्दल कोणी निरोपातून विचारू नका, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलावं.


कोकणकडा

सगळे प्रतिसाद वाचले. सुधाताईंचा दोनदा. माझा पहिला प्रतिसाद घाईत लिहिला गेला. आजोबा एकभुक्त होते हे खरं, पण ती एक वेळ आजी दोन तास वाढत असे, हे आईला फोन केल्यावर कळलं.


रिकामा_डबा (तीन आठवड्यांनी)

जे घडलं ते लिहितो.

आता आठला पोहे किंवा भाकरी-भाजी. अकराला फुटाणे आणि ताक. दीडला डबा, कुठेही असलो तरी. परवा एका थकबाकीदाराच्या गॅरेजसमोर, गुलमोहराखाली स्कूटरच्या सीटवर डबा उघडला. तो बाहेर आला, बघितलं, आत जाऊन कांदा फोडून घेऊन आला. हप्ता दिला नाही, कांदा दिला. पाचला केळं किंवा उकडलेलं अंडं. रात्री साडेआठला पोटभर जेवण, भातासकट.

पहिले सहा दिवस भयंकर गेले. दिवसा इतकं खातोय आणि वर रात्रीचंही चालूच, म्हणजे फुटणार आता आपण, असं वाटायचं. वहीत एका रात्रीची नोंद आहे: '११.२०, ओट्याशी, उभ्याने, टोस्ट नऊ, मनात काय: साहेबांनी सगळ्यांसमोर आकडा विचारला.' ते वाचल्यावर टोस्टपेक्षा साहेबांचाच जास्त राग आला, तोवर हे दोन एकत्र कधी दिसलेच नव्हते. नवव्या रात्री अकराला उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन झोपलो. खरंच तहान लागली होती.

बायकोला सांगितलं. एका रविवारी, आई देवळात गेल्यावर. लाडवांसकट सगळं. ती कणीक मळत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "चार वर्षं माहितीये. तू झाकण लावताना एक कान कधीच बसवत नाहीस." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "मी लाडू मोजून भरते ते काय कुरिअरवाल्यासाठी? म्हटलं मोजलेले दिसले तर तू थांबशील." मी इतकी वर्षं समजत होतो की ती व्यवस्थित आहे म्हणून मोजते.

मुलीलाही सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "मग आता मी आईशी याबद्दल बोलले तर चालेल?" यावर काय लिहू?

इथल्या एका समुपदेशकांकडे दर पंधरा दिवसांनी जातो. मध्यरात्र यांच्या ऑनलाइन सभेतही दोनदा बसलो, कॅमेरा बंद ठेवून. साखर पूर्ण सोडायची की नाही हे अजून ठरत नाही. सध्या लाडू, बर्फी, फरसाण घरात नाही. हे कायमचं नाही, घडी बसेपर्यंत. बाकी गोड असलं तर जेवणाबरोबर, ताटात. आई कुरकुरते की घर सुतकात असल्यासारखं वाटतं.


रिकामा_डबा (साडेचार महिन्यांनी)

धागा वर काढतोय. घसरलो.

मार्चअखेर. वसुलीवाल्यांना तेव्हा दिवस-रात्र सारखेच. २८ तारखेपासून डबा परत यायला लागला, वही बॅगेतच राहिली. ३० ला रात्री दहाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरवर बसून, हेल्मेट न काढता, काच वर करून अर्धा किलो बाकरवडी. हेल्मेट का काढलं नाही, तर रखवालदाराने ओळखू नये म्हणून. रोज त्याच हेल्मेटमध्ये बघतो तो मला.

फरक एवढाच की यावेळी पिशवी पेट्रोल पंपापर्यंत गेली नाही. वर घेऊन आलो आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकली, दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी लंघन केलं नाही. पोहे खाल्ले. घशाखाली उतरत नव्हते तरी खाल्ले. तीन महिन्यांची साखर परत तपासली, ५.९ आहे.

आता खरी अडचण. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याकडे मुंज आहे, नागपूरला. तीन दिवस, बुफे, जिलबीची कढई समोर. मुक्कामही त्यांच्याकडेच, आणि त्यांच्या फ्रिजशेजारीच माझी गादी पडणार हे अनुभवाने सांगतो. मेव्हण्याला लाडवांचं अजून माहीत नाही. तो दिवाळीपासून बहिणीला म्हणतोय की यंदा तुझा हात बिघडला. ती ऐकून घेते. काय करू?


जाई_पांढरी

डबा कधीपासून परत यायला लागला ते तुम्ही तारखेनिशी लिहिलंत. घसरण तिथूनच सुरू झाली. नागपूरला तेच सांभाळा, म्हणजे मुहूर्त कितीही वाजता असो, सकाळी आठला काहीतरी खाऊन घ्या. मुंजीत पंगत दोनला बसते आणि तोवर सगळे चहावर असतात. फुटाणे खिशात असू द्या.


मध्यरात्र

गादी दुसऱ्या खोलीत मागून घ्या, घोरतो म्हणून सांगा. आणि तिन्ही रात्री साडेदहाला मला फोन करा, निरोपात नंबर पाठवलाय. मी जागीच असते, नावच तसं घेतलंय.


सुधाताई_नगर

बायकोलाच उठवा हो. तिला चालेल.


चकलीताई

मेव्हण्याचं मी बघते. पण हिशोब सांगा आधी. तीस भरले होते, घरचे चार पोचले. म्हणजे वसुलीवाल्यांकडे मेव्हण्याचे सव्वीस लाडू थकीत आहेत. बायकोच्या हाताचेच हवेत, काजूवाले. बेदाणा चालणार नाही.